दादा, शिवमला होस्टेलला घालण्याआधी

अमरावती,
मे महिन्यातला रविवार, भर दुपार

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन केला असता, पण तुझ्या दुकानात फोन म्हणजे चावडी. स्पीकर चालू, समोर चारजण सरकीच्या बियाण्याची चौकशी करत बसलेले, आणि तू मला म्हणणार, ‘बोल वं नीलम, लवकर बोल.’ व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुझ्या आधी तुझा मुनीम वाचतो. म्हणून कागद. सकाळपासून कितीदा तरी लिहायला बसले आणि उठले. एकदा कुलरमध्ये पाणी भरायला, एकदा दूध बघायला, एकदा तर काही कारण नसताना गच्चीवर गेले. अमरावतीत मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर जाणारी बाई एक तर पापड वाळवणारी असते नाहीतर डोकं फिरलेली. पापड मी करत नाही हे तुला ठाऊक आहे.

विषय सरळच सांगते. शिवमला शाळा उघडली की चिखलदऱ्याच्या होस्टेलला घालायचं तू ठरवलं आहेस. तसं तू करू नयेस असं मला वाटतं. मला हे कुणी सांगितलं ते आत्ताच विचारू नकोस, पत्र संपायच्या आत सांगते. मी त्याची आत्या म्हणून लिहितेय आणि माझ्या धंद्यातली बाई म्हणूनही, आणि यातली कुठली कधी बोलतेय हे माझं मलाच कळत नाहीये. चिडलास तर चीड. पण पूर्ण वाच, अर्ध्यात घडी घालून खिशात टाकू नकोस.

माझ्या कामाबद्दल आपण कधी धड बोललोच नाही. पुण्याहून शिकून परत आले तेव्हा वाटलं होतं, माणसांच्या मोठमोठ्या दुःखांवर काम करीन. आले कोण, तर अंथरूण ओलं करणारी पोरं. मग चड्डीत शी करणारी. एका आईने दुसरीला सांगितलं, दुसरीने नणंदेला, आणि बघता बघता माझ्याकडे दुसरं कुणी येईनासं झालं. राजापेठेत पाटीवर मी ‘बालमानसशास्त्रज्ञ’ असं चांगलं ठसठशीत लिहून घेतलं आहे. पण आटोवाल्याला विचार, तो ‘मुताची मॅडम’ म्हटल्यावरच वळतो. माय बायकांत सांगायची, ‘माही पोरगी लेकरायच्या डोक्याची डॉक्टर हाय.’ बाबा तर मी कॉलेजात शिकवते असंच शेवटपर्यंत सांगत गेले. भगवंत गुरुजींच्या मुलीने असलं काम करावं हे त्यांना पचलं नाही. तू मात्र कधी काहीच म्हणाला नाहीस. ना चांगलं, ना वाईट. तू माझ्या खोलीत आजवर एकदाही आलेला नाहीस हे तुझ्या लक्षात तरी आलं आहे का?

म्हणून ती कशी आहे ते सांगते. खाली गुलाम नबींचं गादीचं दुकान, वर मी. दिवसभर कापूस पिंजायची मशीन घरघरत असते, आणि पोरं माझ्याकडे येतात ती केसांत कापूस घेऊनच. लोकांना माझ्या जिन्यावर दिसायचं नसतं. म्हणून ते आधी दुकानात शिरतात. गादी दाबून बघतात, उशीचा भाव विचारतात, आणि रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही अशी खात्री झाली की पोराचा हात धरून सटकन वर. गुलाम नबी मला एकदा म्हणाले, ‘मॅडम, तुमचे गिऱ्हाईक माह्या दुकानात घंटाभर भाव करतेत अन् मंग वरतं जातेत. मले वाटे, माह्या गाद्यायचंच काही चुकून राह्यलं.’ मी खूप हसले. पण दादा, ते पोर हे सगळं बघत असतं. आपल्याला चोरून कुठेतरी नेतायत हे त्याला वर पोहोचायच्या आधीच कळलेलं असतं. त्यामुळे पहिल्या भेटीत मी त्याला काहीच विचारत नाही, आम्ही खालच्या मशीनबद्दल बोलतो.

आणि माझा एक नियम आहे. पहिल्या भेटीला आजी हवी. आई तर येतेच, बापालाही मी बोलावते, पण बापाची आई असेल तर तिला घेऊनच या. लोकांना वाटतं, मॅडम फार संस्कारी. कारण वेगळंच आहे. हा त्रास पुष्कळदा घराण्यातून येतो. बापाला किंवा आईला लहानपणी असेल तर लेकराला होण्याची शक्यता बरीच वाढते. पण बापाला विचारून बघ. इतक्या वर्षांत एकाही बापाने आपणहून हो म्हटलेलं नाही. ‘आमच्या खानदानात असं कोणी नाई मॅडम,’ तेही छाती पुढे काढून. आणि मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून आजी बोलते. परतवाड्याचं एक कुटुंब आलं होतं. नावं बदलून सांगते. मुलगी लुबना, बाप तनवीर, लाकडाचा व्यापार, आणि सोबत आजी रजियाबी. तनवीरभाई मला पटवून देत होते की ही पोरगी आळशी आहे, उठायचा कंटाळा करते. रजियाबी सुपारी चघळत ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, ‘झूट काहून बोलून राह्यला रे? सातवीत जाईलोक तुह्या गादीले मी रोज ऊन दाखवो. तुह्या शादीत मले हेच टेन्शन होतं.’ तनवीरभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला असेल, पण मी लुबनाकडे बघत होते. तासभर मान खाली घालून बसलेली ती पोरगी, तिने मान वर केली, अब्बूकडे बघितलं आणि फिस्सकन हसली. थोड्या वेळाने तेही हसले. त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. पाणी कधी प्यायचं, झोपायच्या आधी काय करायचं, ते सगळं पुढच्या वेळी सांगितलं.

अंथरुणाचं लोक उशिरा का होईना सांगतात. चड्डीतल्या शीचं कुणी सांगत नाही. ते पोर दहा वर्षांचं होईपर्यंत घरातल्या घरात मार खात राहतं. आणि इथे आपली माणसं हमखास एक चूक करतात, तीही मायेपोटी. शाळेच्या संडासाला कडी नसते, पाणी नसतं, म्हणून पोर दिवसभर आवरून धरतं. मग त्याला तशी सवयच लागते. आत खडा धरतो, आतडं ताणून ताणून सैल पडतं, त्याला कळच कळेनाशी होते. आणि त्या खड्याच्या बाजूने पातळ गळत राहतं. आई चड्डी बघते आणि म्हणते, पोराला हगवण लागली. मग भाजी बंद, दूध बंद. साबुदाणा, दहीभात आणि बेलाचा मुरब्बा सुरू. ज्याचं पोट दगडासारखं घट्ट झालंय त्याला आणखी घट्ट करायचं! वर पोट भरलेलं असलं की लघवीच्या पिशवीवर दाब येतो, म्हणून अंथरूणही ओलं होतं. पोर बिचारं रडून सांगतं, मला कळत नाही केव्हा होतं. ते खरंच सांगत असतं. मुद्दाम करणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही.

आता कळलं असेल मी कुठे येतेय. मार्चमध्ये मायच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं नवराबायको अकोल्याला आलो होतो. सगळी पंगतीला बसली आणि शिवम तेवढा स्वयंपाकघरात उभ्याने साबुदाणा खात होता. मी वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, पोट बिघडलंय, नेहमीचंच आहे. नेहमीचंच, हा शब्द मी रोज माझ्या खोलीत ऐकते. मग मी बघतच राहिले, सवयच आहे. तो पोरांत खेळत नव्हता, भिंतीला पाठ लावून उभा होता. हात धुवायला मागे गेले तर पाण्याच्या टाकीमागे त्याची चड्डी, गुंडाळून, विटेखाली दाबून ठेवलेली. मी ती पुन्हा होती तशी ठेवली. आणि दुपारी, भटजी जायचे होते अजून, तू ओसरीवरून ओरडलास, ‘दहा वर्साचा घोडा झाला अन् वास मारून राह्यला, चल हो आंघोळीले!’ सगळ्या पाहुण्यांसमोर. दादा, मला तुझा इतका राग आला होता की त्या दिवशी मी न बोलता निघून आले. राग तू ओरडलास याचा नव्हता. बाप ओरडतात, मी रोज बघते. राग याचा होता की दुसरा कुणी ओरडला असता तर मी समजू शकले असते.

तुला मूर्तिजापूरची ती तार आठवते का? आठवत असणारच. मागे एवढं मोठं अंगण असताना बाबा तुझी ओली वाकळ रस्त्याकडच्या तारेवर टाकायला लावायचे. तुलाच, तुझ्या हाताने. एसटीला जाणारी सगळी दुनिया तिथून जायची. गुरुजींचं म्हणणं असं की लाज वाटली की सवय सुटेल. आणि माय काय करायची, तर फाटकाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगायची, ‘बारकीची हाय, अजून लहान हाय ते.’ बारकी म्हणजे मी! माझं अंथरूण तिसऱ्या वर्षीच कोरडं झालं होतं, पण साऱ्या गल्लीत नाव माझं. आजही मूर्तिजापुरात कुणी भेटलं की हसत म्हणतं, तू स्वतः अशी होतीस म्हणूनच हे शिकलीस, नाही का? मी हो म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही, खरंच नाही. लहानपणी थोडं वाटायचं. मग मायनेच मला एकदा तुझ्यासाठीच्या तिळगुळाच्या लाडवांतला एक दिला आणि म्हणाली, ‘तू माही गुणाची हायेस, तू गप राय.’ मी गप्प राहिले. लाडू चांगला होता.

किती उपाय केले तिने तुझ्यावर! रोज संध्याकाळी तीळ आणि गूळ. दिवेलागणीनंतर पाण्याचा थेंब नाही, उन्हाळ्यातसुद्धा. विस्तवाशी खेळणारं पोर अंथरुणात मुततं म्हणून होळीला तुला घरात बसवून ठेवायची. सगळी गल्ली होळीभोवती बोंबा मारत नाचायची आणि तू खिडकीत. मी बाहेरून तुला बोलवायची आणि तू म्हणायचास, मला नाही आवडत होळी. मग तू सातवीत गेलास आणि बाबांनी तुला धामणगावच्या होस्टेलला टाकलं. पुढचं तू लोकांना नेहमी सांगतोस. मायच्या श्राद्धालाही सांगत होतास, ‘होस्टेलनं मले माणूस केलं. शिस्त म्हंजे शिस्त.’ शिवम तिथेच उभा होता.

मला त्या होस्टेलचं तेवढंच माहीत आहे जेवढं मायने मला सांगितलं. ती एका रविवारी फराळाचं घेऊन एकटीच गेली होती तुला भेटायला. तू व्हरांड्यात झोपायचास, नळाजवळ, गादीवर नाही, कापसाच्या रिकाम्या पोत्यावर. पोतं म्हणजे सकाळी सगळ्यांच्या आधी उठून धुता येतं, ओलं दिसलं तरी कुणी विचारत नाही. पोरं तुला पोतं म्हणूनच हाक मारायची. हे मायला तुझ्या तोंडून नाही कळलं, ती फाटकाशी उभी होती तेव्हा एका पोराने तिच्यादेखत तुला तशी हाक मारली. सुट्टीत घरी आलास की तू दिवसभर झोपायचास. बाबा म्हणायचे, अभ्यास करून दमला. तू जागून काढायचास रे रात्री! मग आठवी की नववी, केव्हातरी ते आपोआप थांबलं. बहुतेकांचं थांबतं दादा, वयानेच थांबतं, काही केलं नाही तरी. मी पुस्तकं दाखवू शकते. तू तेव्हा धामणगावला होतास एवढंच. घरी असतास तर घरी थांबलं असतं, आणि मग तू सांगत फिरला असतास की तिळाच्या लाडवांनी माणूस केलं.

आणि खरंच थांबलं का सगळं? रागावू नकोस. तू आजतागायत कुणाकडे मुक्कामाला राहिलेला नाहीस. कंपन्या बियाणंवाल्यांना गोव्याला नेतात, बँकॉकला नेतात, तू तुझं तिकीट दरवेळी मुनिमाला देतोस आणि म्हणतोस, ‘मले परक्या गादीवर झोप येत नाई.’ माझ्या लग्नात हळदीच्या दिवशी सगळे नातेवाईक कार्यालयात राहिले आणि तू अकोल्याला जाऊन सकाळी परत आलास. भाऊबीजेला ओवाळून घेतोस, जेवतोस आणि घड्याळ बघायला लागतोस. मायला इथे अमरावतीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तू रोज संध्याकाळी निघायचास आणि पहाटे पुन्हा हजर. माझ्या सासरी, नितेशच्या घरचे म्हणाले, एकुलता एक मुलगा, पण आईजवळ एक रात्र नाही काढली. मीही मायजवळ कुरकुरले. तिला बोलायला त्रास व्हायचा तेव्हा, तरी माझा हात धरून म्हणाली, ‘त्याले काही बोलू नको वं. त्याले दुसरीकडं झोपाचं भेव हाय.’ मी या विषयातली मोठी तज्ज्ञ! माझ्याच भावाचं मला चाळिशी उलटल्यावर, मरायला टेकलेल्या आईकडून कळलं. तुला आता काहीही होत नाही हे मलाही माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. पण तुझं अंग अजून मानायला तयार नाही. होस्टेलने तुला माणूस केलं म्हणतोस ना, तर हेही केलं.

मी पुन्हा उठून एक चक्कर मारून आले. खाली गुलाम नबींचा मुलगा जिब्रान दुकान उघडून बसलाय, रविवार असूनही. तो म्हणाला, ‘मॅडम, आज सुट्टीच्या दिवशी काहून आल्या?’ घरी नितेश आहे, टीव्ही आहे, म्हणून शेवटी हे पत्र मी इथे राजापेठेतल्या खोलीत येऊन लिहितेय. पंखा गरम वारा फेकतोय आणि कागद उडतोय.

तर आता मला हे सगळं कसं कळलं ते. वहिनी एप्रिलपासून दर आठवड्याला बडनेऱ्याला माहेरी म्हणून येते ना, ती शिवमला घेऊन माझ्याकडे येते. तिच्यावर ओरडायचं नाही. श्राद्धानंतर तिनेच मला फोन केला होता, रडतच, आणि मला शपथ घातली की तुला कळू द्यायचं नाही. तीही सगळ्यांसारखी आधी दुकानात शिरली, गाद्या बघितल्या आणि मग वर आली. माझी सख्खी वहिनी! परवा होस्टेलचंही तिनेच सांगितलं आणि मला शपथेतून मोकळं केलं. ‘ताई, तुमीच लिहा. माह्यानं त्याइले सांगणं होत नाई,’ म्हणाली. माझ्या ओळखीचे बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी तपासून औषध सुरू केलं. कितीतरी दिवसांचा खडा निघाला. साबुदाणा बंद, ज्वारीची भाकर आणि भाजी सुरू. जेवण झालं की शिवम संडासात जाऊन बसतो, पाय खाली पाटावर टेकवून, घाई न करता. तुमच्या घरच्या संडासात पाट कुठून आला असं तुला वाटलं असेल तर तो त्यासाठी आहे. अंथरूण अजून अधूनमधून ओलं होतं. पण मागचा पूर्ण आठवडा त्याची चड्डी कोरडी होती. तुला ओरडायला कारण मिळालं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. औषध बराच काळ लागेल आणि मोठ्यांचं लक्षही. असल्या पोटाच्या पोराला अनोळखी व्हरांड्यात, चाळीस पोरांत नेऊन सोडलं तर आहे तेही जाईल. हे मी धंद्यातली बाई म्हणून लिहितेय.

बाकीचं बहीण म्हणून. परवा मी शिवमला नेहमीसारखं सांगत होते, हे खूप जणांना होतं, प्रत्येक वर्गात एखादा असतो, फक्त कुणी सांगत नाही. तो ऐकत होता, आणि मग त्याने विचारलं, ‘आत्या, आपल्या घरात अजून कोणाले होत होतं काय?’ दुसऱ्या कुठल्या पोराने विचारलं असतं तर मी आजीकडे बघितलं असतं. माय नाही आता. बाबा नाहीत. आपल्या घरात ही गोष्ट तुला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे. नितेशलाही मी कधी सांगितलेली नाही, आणि ती सांगायचा हक्क माझा नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. तर तो एकदम घाबरला. ‘बाबाले नको विचारू आत्या. बाबा तर लहानपणापासूनच शिस्तीचे होते. होस्टेलले गेलो का मीबी बाबासारखा होतो, मंग त्याइले माही लाज नाई वाटणार.’ आणि वहिनीला विचारायला लागला, चिखलदऱ्याला थंडी असते, तर स्वेटर नवं घ्यायचं का. तो जायला तयार आहे दादा. हसत तयार आहे. ते गेल्यावर मी खूप रडले, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये.

मी त्याला सांगू का, एवढी परवानगी तुझ्याकडे मागायची म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. लिहितालिहिता वाटलं, माझ्याकडून नको. तू सांग. मोठी गोष्ट करून नको, पोत्याचं नको, आपल्या बाबांचं नको. मलाही व्हायचं, एवढंच सांग. तोंडावर सांगवत नसेल तर गाडीत शेजारी बसव आणि समोर रस्त्याकडे बघत सांग. शुक्रवारी तो पुन्हा माझ्याकडे येईल आणि पहिलं हेच विचारेल, त्याच्या आत सांग. त्याला मी खोटं सांगणार नाही, आणि खरं सांगायचं तर ते तुझं आहे. मग त्यानंतरही तुला त्याला होस्टेलला घालायचं असलं तर मी एक शब्द बोलणार नाही, स्वेटरही मीच विणून देईन. पण न सांगता पाठवलास, तर तो तिथे तुझ्यासारखा व्हायला जाईल. तसं होताना काय काय होतं, हे त्याला ठाऊक नाही दादा. तुला आहे.

तुझीच,
बारकी